पाणी शिळं होत नाही! टंचाईत घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

लातुरात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. दर जूनला 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी बाहेरगावची मुलं तिथं राहायला येतात. आईवडील सामान लावून देतात, निघून जातात, आणि पहिल्या आठवड्यातच मला त्याच त्या चुका दिसायला लागतात. मुलं एक वेळ लहान आहेत, त्यांना सांगता येतं. पण २०१६ चा उन्हाळा डोळ्यांनी पाहिलेली जाणती माणसंही पुन्हा तसंच वागतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. म्हणून हे सगळं एकदा लिहून काढते आहे.

त्या उन्हाळ्याचा हिशोब आधी सांगते. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणींची म्हणजे टाकीच्या डब्यांची, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, म्हणजे पंचवीस लाख लिटर. आकडा ऐकून माणूस भारावतो. पण २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. भागाकार करून बघा, माणशी साडेसहा लिटर येतं. जुन्या पद्धतीच्या फ्लशच्या टाकीतून एका खेपेला यापेक्षा जास्त पाणी जातं.

नळ आला की कालचं पाणी ओतून देणं

ही चूक मी सगळ्यात वर ठेवते, कारण ती आळशी माणसं करत नाहीत, स्वच्छतेची आवड असलेल्या बायका करतात. "आज नळ येणार, कालचं शिळं झालं, काढून टाका." पिंप आडवं करायचं, अंगण ओलं करायचं, भांडी लख्ख घासून ओळीनं पालथी घालायची आणि नळाची वाट बघत बसायचं.

२०१६ च्या फेब्रुवारीत आमच्याकडे नळाला कधी आठ, कधी पंधरा दिवसांनी पाणी यायचं. समोरच्या वहिनींनी एका सकाळी असंच सगळं रिकामं केलं. दोन पिंपांत तळाशी होतं ते, रांजणातलं, हंड्यांतलं. सगळं मिळून तीनशे लिटर तरी असेल. नऊ वाजता नळानं नुसता वारा सोडला, मग पाच मिनिटं गढूळ पाणी आलं, आणि बंद. पुढे कुठे तरी मोठी पाइपलाइन फुटली होती. पुढची पाळी बाराव्या दिवशी आली. दुपारी वहिनी रिकामी घागर घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना शब्द फुटत नव्हता. घरात तान्हं नातवंड होतं. त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घरानं त्यांना एकेक घागर दिली, आणि कुणालाही ती सहज देता आली नाही. तीनशे लिटर म्हणजे वीस-बावीस घागरी. तेवढ्या त्यांनी सकाळी स्वतःच्या हातानं अंगणात ओतल्या होत्या.

पाणी शिळं होत नाही. नळाला येणारं पाणी धरणात कित्येक महिने साठलेलंच असतं. खराब होतं ते आपल्या हातानं, उघड्या झाकणामुळं आणि बुळबुळीत भांड्यामुळं. तांब्या बोटांसकट पाण्यात बुडवायचा आणि मग पाण्याला दोष द्यायचा, हे मला पटत नाही.

माझी सवय अशी आहे. पिण्याच्या पाण्याची दोन भांडी. एक पूर्ण संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, आणि जे संपलं तेच घासायचं. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं, तेही खिळ्याला टांगलेलं. हौदात हजार लिटरला पाच ग्रॅम या मापानं टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, आधी बादलीत कालवून वरचं निवळ तेवढं ओतायचं, मग अर्धा तास पाणी वापरायचं नाही. पिण्याच्या पाण्याबद्दल तरीही शंका आली तर उकळा. पण ओतू नका.

आमच्या सासूबाईंनी १९७२ चा दुष्काळ काढला होता, दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊन, तिथं मिळणारी सुकडी खाऊन. त्या म्हणायच्या, तेव्हा धान्य नव्हतं, पण विहिरीला पाणी होतं. तरीही त्यांनी जन्मात कधी भरलेली घागर पालथी केली नाही. नवं पाणी आलं की जुनं आधी वापरायला काढायच्या, इतकंच.

नळाला थेट मोटार लावणं

ही चूक आम्हीही केली आहे, दोन वर्षं. दाब कमी, पाणी अर्धा तास, वरची टाकी भरायची घाई. शेजाऱ्यानं लावली म्हणून आम्ही लावली, आमची बघून पुढच्यानं लावली. गल्लीच्या शेवटच्या तीन घरांना त्यानंतर जवळजवळ पाणीच मिळेना. ते भांडायला आले तेव्हा आम्हाला त्यांचाच राग आला होता. आज त्याची लाज वाटते.

पण खरा धडा पुढे मिळाला. वरच्या खोलीतला एक मुलगा गळून गेला, जेवण जाईना, डोळे पिवळे. कावीळ. पंधरा दिवसांत गल्लीत आणखी चार जणांना झाली. सगळ्यांनी टँकरच्या पाण्यावर बोट ठेवलं. खोदकाम केलं तेव्हा कळलं की आमच्या गल्लीची पाइप नालीच्या कडेनं जाते आणि तिचा एक सांधा झिरपत होता. पाइपमध्ये दाब असतो तोवर अशा सांध्यातून पाणी बाहेर पडतं. चार-पाच घरांच्या मोटारी एकदम ओढायला लागल्या की पाइप उलटी शोषते आणि नालीतलं आत घेते. दूषित पाणी पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते सहा आठवडे जातात, म्हणून कुणालाच संबंध लागला नव्हता. त्या मुलाचं परीक्षेचं वर्ष होतं. त्याच्या आईला फोनवर सांगताना माझी काय अवस्था झाली, ते मी विसरलेले नाही.

उपाय सोपा आहे, फक्त एकदा खर्च होतो. जमिनीखाली, नळाच्या पाइपपेक्षा खालच्या पातळीवर हौद करा. नळाचं पाणी स्वतःच्या दाबानं त्यात पडू द्या. मोटार हौदातून गच्चीवरच्या टाकीकडे लावा. हौदाला जागा नसेल तर जमिनीलगत खाली ठेवलेली पाचशे लिटरची टाकीही चालते. "एवढ्यात कुठं काय होतंय" म्हणून मोटार जोडून देणारे कारागीर भरपूर भेटतात. त्यांचं ऐकू नका.

उघडी पिंपं आणि डास

टंचाईत घरात पाणी जास्त साठतं, म्हणून डेंग्यूही वाढतो. हा डास स्वच्छ पाण्यातच, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती अंडी कोरड्यात महिनोन्महिने टिकतात आणि पाणी लागलं की आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणजे पिंप नुसतं रिकामं करून उपयोग नाही, भिंत घासली पाहिजे.

मग लोक विचारतात, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा आणि पाणीही ओतायचं नाही, हे कसं जमायचं? असं: पिंपातलं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून दुसऱ्या पिंपात घ्या, रिकामं झालेलं काथ्यानं कडेपर्यंत घासा, एक तांब्या पाण्यात विसळा, ते पाणी संडासात वापरा. माझा दिवस शनिवार आहे. तोंडाला सुती फडकं बांधायचं ते दोरीनं करकचून, नुसतं टाकून ठेवलं तर डास बाजूनं शिरतो. रिकामा करता येत नाही अशा वापराच्या हौदात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा.

नको तिथं काटकसर

नव्यानं बचत शिकलेली माणसं पहिल्यांदा हात धुणं कमी करतात आणि पाणी पिणं कमी करतात. दोन्ही धोक्याचं आहे. बायका आणि शाळेतल्या मुली संडासला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत आणि मग लघवीच्या जळजळीनं हैराण होतात. पिण्याचं आणि हात धुण्याचं पाणी शेवटपर्यंत कमी करू नका. आधी फ्लश, गाडी, फरशी, शॉवर यांच्याकडे बघा.

फ्लशबद्दल थोडं. टाकीत निळीचे चार थेंब टाका आणि अर्धा तास कुणी वापरू नका. भांड्यात निळं दिसलं तर टाकी गळतेय, रात्रंदिवस, आवाज न करता. टाकीतलं माप कमी करायला काही जण वीट ठेवतात. वीट झिजते, तिची माती रबराखाली अडकते आणि गळती सुरू होते. वाळू भरून झाकण लावलेली लिटरभराची बाटली ठेवा. टंचाईत तर मी फ्लशचा नळच बंद करते आणि कपडे विसळलेलं पाणी बादलीनं ओतते.

बाकीच्या काही चुका थोडक्यात. थेंब थेंब गळणाऱ्या नळाखाली रात्रभर बादली ठेवून बघा. आमच्या मोरीत सकाळपर्यंत अर्धी बादली भरली होती, आणि नवा वायसर काही रुपयांना मिळतो. टाकी भरून वाहिली की मगच मोटार बंद करायची ही सवय सोडा आणि घड्याळ लावून बसा. गॅलरीत पिंपं रचू नका, दोनशे लिटरचं पिंप दोनशे किलोचं असतं आणि पाच पिंपं म्हणजे एक टन. सांडपाणी दुसऱ्या दिवसावर ठेवू नका, वास सुटतो आणि घरातले पुन्हा वापरायला तयार होत नाहीत. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी झाडांना, साबणाचं संडासाला, हा क्रम उलटा करू नका. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी, आणि ते चांगल्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट निघतं, फरशीला आणि संडासाला वापरा. तुळशीला रोज घालू नका, त्यात क्षार असतात.

बोअरची घाई

टंचाई आली की गल्लीत बोअरची गाडी येते. २०१६ मध्ये आमच्या गल्लीत चार बोअर घेतले गेले, तीन कोरडे निघाले. एका घरानं त्यासाठी दागिने मोडले होते. पाणी शोधणाऱ्या पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहिला म्हणून जागा ठरवली होती.

मराठवाड्याखाली काळा पाषाण आहे. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि पाषाणातल्या भेगांत. खोल गेलं की पाणी लागतंच असं नाही. भेग भेटली तर लागतं, नाही तर सहाशे फुटांवरही धूळच उडते. लागलंच तरी पुष्कळदा ते शेजारच्या बोअरचंच ओढलेलं असतं. खोदायचंच असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात आधी विचारा. माझं मत विचाराल तर त्या पैशांत गच्चीवर पडणारं पावसाचं पाणी आधीपासून असलेल्या बोअरमध्ये मुरवा.

गच्चीचं पाणी, पण घाईनं नको

हजार चौरस फूट गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की साधारण नव्वद लिटर पाणी जमतं. वीस मिलिमीटरची एक चांगली सर आली तर अठराशे लिटर. हे कळलं की लोक एवढे हुरळतात की दुसऱ्याच दिवशी गच्चीचा पाइप सरळ बोअरमध्ये सोडतात. कबुतरांची घाण, धूळ, वाळलेली पानं, सगळं जमिनीखाली. एकदा बोअर नासला की त्याला तुम्ही बाहेर काढून घासू शकत नाही.

पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर जाऊ द्या. त्यासाठी पाइपला खाली वेगळी तोटी ठेवा. नंतरचं पाणी मोठे दगड, खडी आणि जाड वाळू भरलेल्या खड्ड्यातून गाळूनच बोअरकडे वळवा. वाळू दरवर्षी काढून धुवा. आम्ही हे २०१७ च्या उन्हाळ्यात केलं. आधीच्या सप्टेंबरअखेरीस धो धो पाऊस होऊन मांजरा भरलं होतं, आणि गल्लीत पुन्हा पाइप लावून गाड्या धुणं सुरू झालं होतं. लोक म्हणाले, आता कशाला खर्च करता? मला समोरच्या वहिनींची ती रिकामी घागर आठवत होती.

हे काम मे महिन्यातच उरका. गच्ची झाडून घ्या, पाइपच्या तोंडाला जाळी बसवा, एक बादली पाणी ओतून ते खड्ड्यापर्यंत पोचतं का बघा. जूनमध्ये पहिली सर पडल्यावर प्लंबरला फोन केलात तर तो श्रावणात येतो.