जळालेली गाडी आणि तीन रकाने

खुनानंतर पळायला वापरलेली गाडी जाळलेली सापडली, की दोषारोपपत्रात फोटोंची चळत असते. सरकारी वकील म्हणून उभे राहणार असाल, तर ती आधी बाजूला ठेवा. कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा: हा सांगाडा नेमक्या कोणत्या गाडीचा, ती गाडी खुनाच्या जागी होती हे कशावरून, आणि तिच्यात आरोपी होता हे कशावरून. मग प्रत्येक साक्षीदार आपापल्या रकान्यात बसवा. पहिला रकाना बहुधा गच्च भरतो, तिसऱ्यात एखादंच नाव उरतं, आणि तेही पंचाचं. मेहनत कुठे करायची ते तिथंच कळतं.

पहिल्या रकान्यात चासी नंबर. नंबर प्लेट ॲल्युमिनियमची, ती वितळून जाते. पत्र्यात ठोकलेला सतरा अक्षर-आकड्यांचा नंबर सहसा टिकतो. पंचनाम्यात सतराच्या सतरा आलेत का, ते बोट ठेवून मोजा. आर.सी.शी आणि सी.ए. रिपोर्टशी (रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाशी) एकेक अक्षर ताडा. टाइप करताना एक आकडा गळला असेल, तर उलटतपासाचा अर्धा तास त्याच्यावर गेलाच म्हणून समजा. गाडी चोरीची म्हणत असतील, तर चोरीची तक्रार खुनाच्या आधीची की नंतरची, हेही तिथंच लिहून ठेवा.

मग राख. ‘अवशेषांत पेट्रोल आढळले’ हे वाक्य ऐकायला भारी वाटतं, पण पेट्रोलच्या गाडीत पेट्रोल असायचंच. ते टाकीपाशी मिळालं की मागच्या सीटखाली, हे विचारा. तुलनेसाठी थोडी लांबची साधी माती घेतली होती का, हेही. नमुना हवाबंद बरणीत किंवा नायलॉनच्या पिशवीत भरावा लागतो. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून वाफ उडून जाते. पुढे सीलचा प्रवास: लाखेवर कोणाचा शिक्का, मुद्देमाल रजिस्टरला नोंद कधी, कोणता शिपाई मुंबईतल्या कलिन्याच्या किंवा विभागीय प्रयोगशाळेत घेऊन गेला, मधले दिवस पुडकं कुठे होतं. त्या शिपायाचं नाव साक्षीदारांच्या यादीत नसेल तर आजच खूण करा.

तज्ज्ञाच्या तयारीसाठी १९३१ मधला इंग्लंडचा राऊस खटला मी सगळ्या ज्युनियरना वाचायला लावतो. नॉर्थॅम्प्टनजवळ राऊसच्या जळालेल्या मॉरिस मायनर गाडीत एक मृतदेह सापडला. पेट्रोलच्या नळीचा सांधा ढिला होता. तो हाताने केला की आगीच्या उष्णतेने, यावर वाद. आगीने ढिला झाला म्हणणाऱ्या बचावाच्या तज्ज्ञाला सरकारतर्फे नॉर्मन बर्केटने पहिलाच प्रश्न टाकला: पितळेचा प्रसरण गुणांक किती? त्याला चटकन सांगता आला नाही. प्रश्न थोडा अन्यायाचाच, असे आकडे कुणाला पाठ असतात! पण साक्षीची पत गेली ती गेली. राऊसला १९३१ च्या मार्चमध्ये फाशी झाली. आपल्या साक्षीदाराला ‘टिपण बघून सांगतो’ म्हणायची सवय आधीच लावा.

आता तिसरा रकाना, सगळ्यात ओढाताणीचा. फास्टॅगची नोंद गाडी नाक्यावरून गेल्याचं सांगते, स्टिअरिंगवर कोण होतं ते नाही. टॉवर लोकेशन परिसर दाखवतं, सीट नाही. सीसीटीव्ही आणि सीडीआर (मोबाइलच्या कॉलच्या नोंदी) या दोन्हींसोबत, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आहे का बघा. जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच जुन्या कायद्याखाली ते सक्तीचं ठरवलंय. आरोपीच्या हातावर भाजल्याचे डाग, होरपळलेले केस: अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत ओळ असेल तर सोनं, नसेल तर बचावाचं सोनं.

निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीने पंचांसमोर ‘दाखवतो’ म्हटल्याची नोंद, वाचताना कॅलेंडर शेजारी ठेवा. गाडी सोमवारी पोलीस ठाण्याच्या आवारात आणली आणि गुरुवारी आरोपीने ‘गाडी जाळल्याची जागा दाखवली’, असं असेल तर त्यातून काय नवं उघड झालं? त्याच अधिनियमाच्या कलम २३ खाली कोठडीतल्या निवेदनाचा नवं उघड करणारा भागच चालतो. किल्ली किंवा डबा त्याच्याकडून मिळाला असेल, तर गोष्ट वेगळी.

शरद सारडा निकालातलं १९८४ चं पंचशील, म्हणजे परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या, सगळ्यांना पाठ असतं. मी त्यातलं पहिलंच रोज वापरतो. परिस्थिती पूर्ण सिद्ध व्हायला हवी. ‘असू शकेल’ आणि ‘असलीच पाहिजे’ यांतलं अंतर शिवाजी बोबडे निकालाने १९७३ मध्येच दाखवलं होतं. तीन रकान्यांतली प्रत्येक नोंद या दोनांपैकी कोणत्या बाजूची, ते लाल शाईने लिहा.

शेवटी, कोर्टाची परवानगी काढून ठाण्याच्या आवारातला तो सांगाडा स्वतः जाऊन बघा. टॉर्च आणि तारेचा ब्रश घेऊन जा, आणि पावसाळ्याआधी जा. आग झेपलेला नंबर दोन पावसाळ्यांच्या गंजाने मी वाचेनासा झालेला पाहिलाय.