लघवी लाल दिसली तर काय करायचं

पहिलं म्हणजे घाबरू नका, आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का ते आठवा, टीबीची रिफाम्पिसिन गोळी चालू असेल तरी लघवी केशरी-लाल होते, आणि बायकांनी पाळीचं रक्त मिसळलंय का तेही बघा. यातलं काहीच नसेल तर मग मात्र तपासायलाच हवं.

आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, त्यात लूमवर उभं राहून घाम गाळायचा आणि पाणी कमी, मग मुतखडा होणारच की. खड्यात कंबरेतून जांघेकडे कळा येतात. जळजळ, सारखं लागणं असेल तर बहुतेक इन्फेक्शन. वयस्कर पुरुषांत प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, हेही कारण असू शकतं.

पण खरी भीती न दुखता येणाऱ्या रक्ताची! एकदाच आलं आणि थांबलं म्हणून लोक सोडून देतात, पण चाळिशी ओलांडलेल्या आणि बिडी-सिगरेट ओढणाऱ्या माणसाने हे अजिबात करू नये, मूत्राशयाचा कॅन्सर असाच सुरू होऊ शकतो. रंगाईच्या कामातल्या काही केमिकलनेही धोका वाढतो.

लघवीतून रक्ताच्या गाठी पडतायत, लघवी अडकलीय, थंडी वाजून ताप, किंवा बाई गरोदर आहे, तर सकाळची वाट न बघता सिव्हिल गाठा. बाकीच्यांनी एक-दोन दिवसांत लघवी तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या, गरज वाटली तर डॉक्टर दुर्बिणीने बघतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, आणि सगळा दोष तिच्यावर टाकून तपासणीही टाळू नका.