आपली सर्जरी कोणती औषधं देते, हे घरबसल्या कसं पाहायचं

रेडिंगमध्ये राहून मला सतरा वर्षं झाली. मला दमा, नवऱ्याला रक्तदाब, त्यामुळे जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, येणं-जाणं नेहमीचंच. तरी सर्जरीचा औषधांचा हिशेब कुणालाही उघडून पाहता येतो, हे मला फार उशिरा कळलं. इंग्लंडमधल्या आपल्या माणसांनी तो एकदा पाहावाच.

ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या बेनेट इन्स्टिट्यूटची 'ओपनप्रिस्क्रायबिंग' ही वेबसाइट उघडा आणि सर्जरीचं नाव शोधा. एकाच नावाच्या बऱ्याच सर्जऱ्या सापडतात, म्हणून पत्ताही जुळवून घ्या. आकडे एनएचएसचेच, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचेच, दर महिन्याचे, पण साधारण दोन महिने मागचे. पेशंटची नावं त्यात नसतात.

आलेखातली लाल रेघ आपल्या सर्जरीची. निळ्या तुटक रेघांवरून देशातल्या बाकीच्या सर्जऱ्या कुठे आहेत ते कळतं. मी सर्वांत आधी अँटिबायोटिक पाहिली. को-अमॉक्सिक्लॅव्ह, सेफॅलोस्पोरिन, क्विनोलोन ही औषधं शक्यतो राखून ठेवायची असतात. ती सर्रास दिली तर जंतू दाद देईनासे होतात. आमची लाल रेघ बरीच वर होती. मी तावातावानेच सर्जरीच्या पेशंट ग्रुपच्या बैठकीत गेले. मॅनेजरबाईंनी शांतपणे सांगितलं, की वृद्धांची दोन केअर होम आमच्याच सर्जरीकडे आहेत, म्हणून रेघ वर आहे. तेव्हा उमगलं: गोळी कोणती दिली हे आलेखात दिसतं, कशासाठी दिली ते दिसत नाही. तुम्ही विचाराल तेव्हा "इतकी का देता?" असं न म्हणता "आपली रेघ वर का आहे?" असं विचारा. आणि एका महिन्यावर जाऊ नका, निदान वर्षभराचा कल बघा. लहान सर्जरीची रेघ चार-दोन पेशंटांनीही उडी मारते.

खर्चाचा आलेख वेगळा वाचावा लागतो. नसांच्या दुखण्यावरच्या प्रेगाबालिन या औषधाचं उदाहरण घ्या. २०१७ च्या जुलैत दुखण्यावरच्या वापराचं पेटंट संपलं, स्वस्त जेनेरिक आलं आणि खर्च कोसळला. कॅप्सूल कमी झाल्या म्हणून नव्हे. म्हणून किती वेळा दिलं आणि किती पैसे लागले, हे दोन्ही शेजारी ठेवूनच पाहा.

हा पैसा एनएचएसचा. आपल्या खिशातला हिशेब निराळा. २०२४ च्या मेपासून दर वेळी दर औषधामागे ९.९० पौंड. नवऱ्याच्या अ‍ॅम्लोडिपिनच्या २८ गोळ्या एनएचएसला पौंडभराच्या आसपास पडतात, तरी काउंटरवर द्यायचे ९.९०च! स्कॉटलंड, वेल्समध्ये हे पैसे लागतच नाहीत. इंग्लंडमध्ये वर्षातून बारा किंवा जास्त वेळा हे पैसे भरावे लागत असतील, तर ११४.५० पौंडांचं प्रीपेमेंट सर्टिफिकेट (वर्षभराचे औषधांचे पैसे एकदम भरल्याचं) काढा; हप्त्यांनीही भरता येतं. आधी सूट तपासा: साठी झालेल्यांना, मधुमेहाची औषधं किंवा थायरॉक्सिन घेणाऱ्यांना पैसे पडत नाहीत, मात्र या दुखण्यांसाठी सर्जरीतून फॉर्म भरून कार्ड काढावं लागतं. आणि सर्टिफिकेट माणशी एक असतं. माझ्या सर्टिफिकेटवर नवऱ्याच्या गोळ्या मिळत नाहीत, त्याचं वेगळं काढावं लागलं.