तीन पत्तीला बसताय? या चुका टाळा

गणपतीचं जागरण असो की दिवाळी, तीन पत्तीत भांडणं ठरलेल्या तीन-चार गोष्टींवरूनच होतात.

पहिली म्हणजे एक्का-दुर्री-तिर्रीचा मान न ठरवणं. बऱ्याच घरांत एक्का-राजा-राणी सगळ्यांत वर, मग एक्का-दुर्री-तिर्री आणि त्याखाली राजा-राणी-गुलाम. काही घरांत एक्का-दुर्री-तिर्रीच पहिली. दोन्ही रीती चालतात, पण एका सतरंजीवर एकच.

आमच्या गावी एका जागरणाला पहाटे तीनच्या सुमारास धाकटे काका आणि भावोजी दोघंच उरले. पैशांऐवजी चिंचोके होते, ताट शिगोशीग भरलेलं. काकांनी शो मागितला, म्हणजे दोघांनी पत्ते उघडून दाखवायचे. भावोजींनी एक्का-राजा-राणी टाकली, काकांनी एक्का-दुर्री-तिर्री, आणि दोघांचे हात एकदमच ताटावर पडले. "जावईबापू, आमच्या घरात हीच मोठी." "काका, मग वाटायच्या आधी सांगायचं होतं." ओढाओढीत ताट कलंडलं, चिंचोके समईपर्यंत घरंगळले. सकाळच्या आरतीला दोघं एकमेकांकडे बघेनात. पुढची दोन वर्षं भावोजी जागरणाला थांबले नाहीत. चूक भावोजींची नव्हती. तेव्हापासून पहिला पत्ता वाटायच्या आत मी हा क्रम मोठ्याने सांगतो. उशिरा येऊन बसणाऱ्यालाही, डाव थांबवून.

दुसरा घोळ चालीचा, म्हणजे आपल्या पाळीला टाकायच्या पैशांचा. ब्लाइंडवाल्याने, म्हणजे पत्ते न बघता खेळणाऱ्याने, 5 टाकले, तर पत्ते बघितलेल्याने 10 ते 20 टाकायचे. त्याने 10 टाकले की पुढच्या ब्लाइंडवाल्याला 5 पुरतात, फार तर 10. नवखे नेमके इथे समोरच्याएवढेच टाकतात आणि पत्ते न बघण्याचा सगळा फायदा घालवतात. मोबाइलवर शिकलेल्या मुलांचं हे हमखास होतं, कारण तिथे हिशोब ॲप करतं. "खेळता खेळता येईल" म्हणणाऱ्याला मी आधी दोन डाव नुसतं शेजारी बसवतो. कंटाळला तर कंटाळू दे.

शो दोघं उरल्यावरच मागायचा. जुन्या रीतीत समोरचा ब्लाइंड असेल तर पत्ते बघितलेल्याला शो मागताच येत नाही. चाल द्या नाहीतर पॅक करा, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडा. हे ठाऊक नसलेला माणूस हात उघडा टाकून बसतो आणि डाव नासतो. पत्ते बरोबरीचे निघाले तर शो मागणारा हरतो, साइड शोमध्येही, म्हणजे आधीच्या खेळाडूशी गुपचूप पत्ते ताडून बघताना, मागणाराच पॅक करतो.

पॅक केलेले पत्ते कुणाला दाखवू नका. आपली पाळी येण्याआधी पॅक करू नका. साइड शोत पाहिलेलं तोंडावरही दिसू देऊ नका.

चाल ढिगात भिरकावू नका. आपल्यासमोर मांडा, सगळ्यांना मोजू द्या, मग सरकवा. "माझे दहा धर, नंतर देतो" ही चाल मी धरत नाही, मग सख्खा भाऊ का असेना.