बागेत चिमणीचं घरटं लावताय? आधी ऊन बघा

नागपुरात पक्ष्यांसाठी घरटं लावताना पहिला प्रश्न उन्हाचा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं घरटं म्हणजे पिल्लांसाठी भट्टीच. लाकडाचंच घ्या, अर्धा-पाऊण इंच जाडीचं. संत्र्याच्या जुन्या पेटीच्या फळ्या फुकट मिळतात खऱ्या, पण त्या फारच पातळ. पहिल्याच पावसात वाकतात.

चिमणीसाठी भोक ३२ मिलिमीटरचं, म्हणजे साधारण सव्वा इंच. त्याहून मोठं केलं की साळुंकी आत डोकावणारच. भोकाखाली बसायला दांडी लावू नका. दिसायला छान दिसते, पण चिमणीला तिची गरज नसते आणि कावळ्याची मात्र सोय होते. छताखाली हवेसाठी दोन-तीन बारीक छिद्रं, तळाला पाणी निथळायला चार. आतून रंग अजिबात नको.

तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला ठेवा, पश्चिमेला कधीच नाही. उंची आठ-दहा फूट. झाडाला खिळा ठोकू नका. तारेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून बांधा आणि वर्षातून एकदा सैल करा, नाहीतर तार सालीत रुतते. झोपाळे आणि खाऊच्या गाड्यांपासून लांबचा कोपरा निवडा. बाग महापालिकेची असेल तर उद्यान विभागाकडे आधी लेखी अर्ज द्या.

जानेवारीतच लावून टाका. पिल्लं उडून गेल्यावर जुनं गवत काढून पेटी उन्हात वाळवायची, म्हणून झाकण बिजागरीचंच करून घ्या. आमचं पहिलं खिळ्यांनी बंद केलेलं होतं. साफ करायला शेवटी फोडावं लागलं.