ओरॉन लोकांची कुळं आणि इतिहास समजून घ्यायचाय? राजापासून नको, घरापासून सुरू करा

ओरॉन म्हणजे नायजेरियाच्या आग्नेय टोकाला, क्रॉस रिव्हर नदी जिथे समुद्राला मिळते त्या मोठ्या खाडीच्या पश्चिम काठावरचे लोक. पलीकडच्या बाजूला कॅलाबार. स्वतःला आणि आपल्या भाषेलाही ते ओरो म्हणतात. सर्च करताना नुसतं ओरॉन टाकू नका, झारखंडचे उरांव मध्ये येतात आणि त्यांचा इथे काडीचाही संबंध नाही, म्हणून सोबत अक्वा इबोम हे राज्याचं नाव टाका. पण हे राज्य झालं १९८७ ला, त्यामुळे जुने कागद हवे असतील तर क्रॉस रिव्हर राज्य, त्याआधीचं साउथ ईस्टर्न स्टेट, आणि इंग्रजांच्या काळातलं कॅलाबार प्रोव्हिन्स ही तिन्ही नावं टाकून बघावं लागतं. मी हे न करता बरेच दिवस घालवले, तुम्ही घालवू नका.

बहुतेक जण पहिल्यांदा राजांची यादी शोधायला जातात. माझं मत, ते सगळ्यात शेवटी करा. ओरॉनमध्ये अधिकार खालून वर गेलाय, घरातून भावकीत, भावकीतून गावात, गावातून कुळात, त्यामुळे वरून वाचायला घेतलं की काहीच धड लागत नाही.

म्हणून पहिलं काम, एक्पू बघा. एक्पू म्हणजे पूर्वजांच्या लाकडी मूर्ती. एकाच जाड लाकडातून कोरलेल्या, डोक्यावर टोपी, पोटापर्यंत आलेली लांब दाढी, पोट पुढे आलेलं आणि दोन्ही हात समोर काहीतरी धरून. फोटो मोठा करून चेहरा बघा, डोळे जवळजवळ मिटलेले, माणूस शांत बसून आपलं ऐकतोय असं वाटतं. भावकीतला कर्ता म्हातारा गेला की त्याची मूर्ती घडवायची आणि ओबिओत म्हणजे भावकीच्या बैठकीच्या घरात आधीच्यांच्या शेजारी ठेवायची, तिथे त्यांना नैवेद्य दाखवायचा. म्हणजे ओळीतल्या मूर्ती मोजल्या की पिढ्या मोजल्यासारखंच झालं, लाकडातली वंशावळच ती! केनेथ मरे या इंग्रज अधिकाऱ्याने १९४० च्या दशकात या मूर्तींची पाहणी केली तेव्हा ६०० हून जास्त होत्या, पण लोक ख्रिस्ती झाल्यावर बऱ्याच ठिकाणी त्या वाळवीच्या तोंडी पडलेल्या आणि चोऱ्याही चालू होत्या. मग त्या जपायला ओरॉनमध्ये म्युझियम झालं, आणि १९६७ ते ७० च्या यादवी युद्धात तेच लुटलं गेलं. युद्धानंतर सव्वाशेसुद्धा हाती लागल्या नाहीत. मूर्ती गेली म्हणजे त्या घराचा एक आजोबा गेला, हे मनात ठेवून पुढचं वाचा.

इथेच तीन शब्दांत घोळ होतो. एक्पू म्हणजे या मूर्ती, एक्पो म्हणजे शेजारच्या इबिबिओ लोकांची मुखवट्यांची मंडळी, आणि एक्पे म्हणजे बिबट्याच्या नावाची गुप्त संस्था, जी क्रॉस रिव्हरच्या सगळ्या पट्ट्यात कायदा राखायची. वहीत तिन्ही वेगवेगळे लिहून ठेवा, पुढे कामाला येतात.

आता कुळं. कुळाला अफाहा म्हणतात. ओक्पो, उक्वोंग, इबिघी, एबुघू, एफियात, इदुआ ही नावं वारंवार दिसतील. नुसतं अफाहा दिसलं म्हणून ओरॉन समजू नका, अफाहा एकेत, अफाहा ओफिओंग अशी गावं इबिबिओ आणि एकेत भागातही आहेत. कुळं नकाशावर बसवायची तर पाच लोकल गव्हर्न्मेंट एरिया (आपल्या तालुक्यासारखे भाग) घ्या: ओरॉन, म्बो, ओकोबो, उदुंग उको आणि उरुए ओफोंग ओरुको. एबुघू आणि एफियात म्बोकडे सापडतील. आणि मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे भाषातज्ज्ञांच्या यादीत ओरो, एबुघू, एफाई, इलुए, ओकोबो या लोअर क्रॉस गटातल्या वेगवेगळ्या भाषा म्हणून मोजल्यात, म्हणजे कुळाचं नाव आणि बोलीचं नाव बऱ्याच ठिकाणी हातात हात घालून चालतं. एफियातचं नाव एफाईत ओळखू येतंच, आणि इलुए म्हणजे इदुआवाल्यांची बोली. ओकोबोच्या बाबतीत जपून लिहा, ते ओरॉनमध्ये मोजायचे की वेगळे यावर मतं वेगळी आहेत, तिथल्या माणसाला तो स्वतःला काय म्हणवतो ते विचारा.

मूळ कुठलं, याची एकच गोष्ट शोधू नका. एक परंपरा पूर्वेकडून, कॅमेरूनच्या बाजूच्या उसाहादेत भागातून समुद्रमार्गे आल्याचं सांगते, दुसरी इबिबिओ मुलखातून खाली उतरल्याचं. भाषा इबिबिओच्या आणि कॅलाबारच्या एफिक लोकांच्या भाषेच्या जवळची आहे, आणि एक्पेचा धागा पूर्वेकडे जातो. दोन्ही कुळनिहाय लिहून ठेवा, कारण सगळी कुळं एकाच होडीतून आली असं धरायचं काही कारण नाही. नायजेरिया-कॅमेरून सीमेवरच्या बाकासी द्वीपकल्पाबद्दलही वाचा, २००२ च्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या निकालानंतर तो भाग कॅमेरूनकडे गेला आणि तिथल्या खाड्यांत मासेमारी करणाऱ्या कुटुंबांना मधे सीमा आली.

शेवटी नेतृत्व. भावकीचा मोठा, गावप्रमुख, कुळप्रमुख, आणि सगळ्या ओरोंचा मिळून आहता ओरो. याशिवाय राज्याच्या व्यवस्थेत प्रत्येक लोकल गव्हर्न्मेंटला एक पॅरामाउंट रूलर असतो, ती पदं आणि परंपरेतली पदं एकच समजू नका. इंग्रजांनी वॉरंट देऊन नेमलेले चीफ ही तिसरीच भानगड, त्यामुळे १९०० नंतरच्या कागदात चीफ दिसला की आधी विचारा, याला भावकीने बसवला की सरकारने? १९२५ ला शिकलेल्या लोकांनी ओरॉन युनियन काढली, तीही वेगळ्या रकान्यात ठेवा.

आणि कुणा ओरॉन माणसाशी बोलायची संधी मिळाली तर राजा कोण हे विचारू नका, तुमचं ओबिओ कोणतं हे विचारा, मग तो स्वतःहून आजोबा, पणजोबा सांगत बसतो आणि तुम्ही फक्त लिहून घ्यायचं.