आधी सीट, मग आरसे
गाडी उभी असतानाच सीट लावून घ्या. कंबर सीटच्या पाठीला पार टेकवून क्लच तळापर्यंत दाबा. तेव्हाही गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. खांदे टेकलेले ठेवून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज पोचलं पाहिजे. एअरबॅगसाठी छाती आणि स्टिअरिंगमध्ये किमान 25 सेंमी अंतर हवंच.

हेडरेस्ट बरेच जण पार खाली ठेवतात. कृपा करून असं करू नका. मागून धडक बसली तर डोकं त्यावरून मागे जातं आणि मानेला जबर हिसका बसतो. दांडीजवळचं बटण दाबून ते वर ओढा, वरची कड माथ्याच्या रेषेत आणा, खटका बसला का तेही बघा. मानेमागची जाड उशी काढलेलीच बरी, तिच्यामुळे डोकं हेडरेस्टपासून लांब राहतं. आरसे यानंतर लावा.